बिअरमधला सोमल: मँचेस्टर, १९००

दारूतलं विष म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं मिथेनॉलचं, आणि ते साहजिक आहे, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली ती त्यानेच, त्याआधी २००४ ला विक्रोळीतही तेच. पण मिथेनॉल एक-दोन दिवसात माणसाला आडवं करतं, डोळे जातात, एकाच वस्तीतली माणसं एकदम दवाखान्यात येतात, त्यामुळे संशय लगेच गुत्त्यावर जातो आणि सॅम्पल लॅबला पोचतं. आज जे प्रकरण सविस्तर मांडायचंय ते अगदी वेगळ्या जातीचं आहे. यात विष, म्हणजे सोमल (आर्सेनिक), कायदेशीर, टॅक्स भरलेल्या, नावाजलेल्या कारखान्यांच्या बिअरमध्ये होतं, कित्येक महिने होतं, हजारो लोक आजारी पडत होते आणि डॉक्टर लोक त्या आजाराचं निदानही करत होते. फक्त निदान चुकीचं होतं आणि बिअर कोणी तपासलीच नव्हती.

माझं रोजचं काम खाण्यापिण्याच्या वस्तूंत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम किती आहे ते मोजायचं, आणि लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना मशीन दाखवायच्या आधी हे प्रकरण सांगतो. कारण मोजमाप कुठे अडतं, कुठे फसवतं आणि एकदा नीट झालं की काय काय उलगडतं, हे सगळं यात एका ठिकाणी बघायला मिळतं.

आजार काय होता

सन १९००, इंग्लंडमधलं मँचेस्टर आणि त्याला चिकटून असलेलं सॅलफर्ड. गिरण्यांची, मजुरांची शहरं. कामगार माणूस संध्याकाळी प्यायचा ती सगळ्यात स्वस्त बिअर, क्वार्टला चार पेन्स, म्हणून तिला फोरपेनीच म्हणायचे. क्वार्ट म्हणजे साधारण सव्वा लिटरच्या थोडं आत. रोज दोन-तीन लिटर पिणारे लोक होते आणि त्यात त्या काळी कोणाला विशेष काही वाटायचं नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून दवाखान्यांत एका प्रकारचे पेशंट वाढायला लागले. हातापायाला मुंग्या, मग जळजळ, मग पोटऱ्या इतक्या दुखऱ्या की हात लावू देईनात, चालताना पाय लटपटतायत, काहींना तर उभंच राहता येत नाही. डोळ्यातून पाणी, नाक गळतंय, उलट्या. कातडी काळवंडलेली, तळहात-तळपायाची कातडी जाड होऊन खवले निघतायत. यातला प्रत्येक माणूस पिणारा. आणि पिणाऱ्याच्या नसा खराब होतात हे तर डॉक्टरांना माहीतच होतं, त्याला नावही होतं, अल्कोहोलिक न्यूरायटिस. मँचेस्टरमध्ये हा आजार आधीपासूनच बाकी शहरांपेक्षा जास्त दिसायचा. त्यामुळे कागदावर तेच लिहिलं जायचं, दारू सोड म्हणायचे आणि पुढचा पेशंट आत घ्यायचे.

मला हा भाग सगळ्यात जास्त लागतो. गरीब माणूस, त्यात पिणारा, त्यामुळे त्याचा आजार ही त्याचीच करणी असं आधीच ठरलेलं. एकदा असं ठरलं की त्याच्या ग्लासात अजून काय असू शकतं हा प्रश्न कोणाच्या मनात येतच नाही.

प्रश्न पडला तो अर्नेस्ट रेनॉल्ड्स नावाच्या डॉक्टरला. हा वर्कहाऊसच्या दवाखान्यात पेशंट बघायचा, म्हणजे अगदी गरीबातल्या गरीब लोकांचा दवाखाना. त्याला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे व्हिस्की, जिनसारखी कडक दारू पिणारे, ज्यांच्या पोटात अल्कोहोल कितीतरी जास्त जात होतं, त्यांना हा आजार होत नव्हता, होत होता तो बिअरवाल्यांना. अल्कोहोलच कारण असतं तर हे उलटं दिसायला पाहिजे होतं. दुसरी गोष्ट म्हणजे नागीण. त्या काळात तिचे पेशंटही एकदम वाढलेले त्याच्या लक्षात आले. आता त्या वेळी सोमल हे औषध म्हणूनही सर्रास द्यायचे, फाउलर सोल्युशन नावाने, आणि ते घेणाऱ्यांना कधीकधी नागीण उठते हे डॉक्टरांच्या वाचनात होतं. नसा खराब, कातडी काळी, तळपाय जाड आणि वरून नागीण, हे सगळं एकत्र करणारी एकच गोष्ट त्याला आठवली, आर्सेनिक. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहांनी विहिरी-बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखलं तेही पेशंटच्या कातडीवरनंच, तळहात-तळपायाच्या त्याच खुणांवरनं, हे इथे मुद्दाम सांगतो.

मग नोव्हेंबरच्या मध्यात रेनॉल्ड्सने जे केलं ते खरं तर कोणीही करू शकलं असतं. पेशंट जिथे प्यायचे तिथली बिअर आणली आणि तिची राइन्श टेस्ट केली. ही टेस्ट १८४० च्या दशकातली, कुठल्याही मेडिकल कॉलेजात शिकवलेली. बिअरमध्ये हायड्रोक्लोरिक ऍसिड घालायचं, घासूनपुसून लख्ख केलेली तांब्याची पट्टी त्यात टाकायची आणि उकळायचं. आर्सेनिक असेल तर पट्टीवर राखाडी-काळा थर चढतो. पण काळा थर अजून काही धातूंनीही येतो, म्हणून ती पट्टी धुवून वाळवून बारीक काचनळीत टाकून तापवायची, मग नळीच्या थंड भागावर पांढरे कण जमतात आणि ते मायक्रोस्कोपखाली बघितले की आठ बाजूंचे चमकणारे स्फटिक दिसतात, तो सोमल. रेनॉल्ड्सला ते दिसले. प्रोफेसर डिक्सन मॅन हा विषशास्त्रातला माणूस, त्याच्याकडूनही खात्री करून घेतली. महिना संपायच्या आत ही बातमी वैद्यकीय नियतकालिकांत आणि पेपरात होती.

आलं कुठून

आता बिअरमध्ये आर्सेनिक आहे हे कळलं, पण बिअर म्हणजे पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (कडू चवीसाठी घालायची फुलं), यीस्ट आणि साखर, शिवाय टिकायला घातलेली रसायनं. हॉप्सना गंधकाची धुरी देतात, गंधकात आर्सेनिक असू शकतं. माल्ट भट्टीच्या धुरावर वाळवतात, तिथूनही येऊ शकतं. मँचेस्टरच्याच ओवेन्स कॉलेजचे प्रोफेसर शेरिडन डेलेपीन यांनी या शोधात मोठं काम केलं, एकेक कच्चा माल वेगळा तपासत गेले आणि सुई थांबली साखरेवर.

इथे थोडं मागे जावं लागतं. १८८० पर्यंत इंग्लंडमध्ये टॅक्स माल्टवर होता. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने तो काढून तयार बिअरवर लावला, त्यामुळे ब्रूअरला माल्टच वापरायचं बंधन उरलं नाही, साखर घालून तोच कडकपणा कमी पैशात मिळायला लागला. ही साखर म्हणजे ग्लुकोज आणि इन्व्हर्ट शुगर. ग्लुकोज स्टार्चपासून, इन्व्हर्ट उसाच्या साखरेपासून, आणि दोन्हीत पाण्याबरोबर सल्फ्युरिक ऍसिड घालून उकळायचं, रेणू तुटतात, मग खडू टाकून ऍसिड मारायचं, जिप्समचा गाळ बसतो तो गाळून काढायचा. ऍसिड गाळाबरोबर जातं. ऍसिडमध्ये विरघळलेलं आर्सेनिक मात्र बऱ्यापैकी तिथेच, साखरेच्या पाकात राहतं.

ही साखर होती लिव्हरपूलजवळच्या गार्स्टनच्या बोस्टॉक कंपनीची आणि ती दोनशेच्या वर ब्रूअरींना जात होती. बोस्टॉकला ऍसिड द्यायची लीड्सची निकल्सन कंपनी. निकल्सनचं आधीचं ऍसिड वर्षानुवर्षं ठीक होतं, मग १९०० च्या सुमारास आर्सेनिकवालं ऍसिड जायला लागलं. सल्फ्युरिक ऍसिड शुद्ध गंधक जाळून करता येतं नाहीतर पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, भाजून. पायराइट स्वस्त, पण त्यात बऱ्याचदा आर्सेनिक असतं, भट्टीत ते वाफ होऊन उडतं आणि वायूबरोबर सरळ ऍसिडमध्ये उतरतं. ते काढून टाकायची पद्धत होती, पण ती वेगळी पायरी, वेगळा खर्च.

म्हणजे साखळी बघा, खाणीतलं खनिज, ऍसिडचा कारखाना, साखरेचा कारखाना, ब्रूअरी, पब आणि मग माणूस. प्रत्येक ठिकाणी माल हातात घेताना कोणी ना कोणी काहीतरी मोजत होतंच. ऍसिडची तीव्रता, साखरेची गोडी, बिअरची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा. सरकारी माणूससुद्धा बिअर मोजायचा, कारण टॅक्स ग्रॅव्हिटीवर होता. १८७५ चा अन्नभेसळीचा कायदा होता, गावोगावी पब्लिक ॲनालिस्ट, म्हणजे अन्न तपासणारे केमिस्ट, नेमलेले होते, ते दुधात पाणी, लोण्यात चरबी पकडत होते. पण बिअरमध्ये आर्सेनिक असेल ही शक्यताच कोणाच्या यादीत नव्हती, त्यामुळे इतकी मोजमापं होऊनही विष सगळ्यांच्या हातातून बिनबोभाट पुढे गेलं.

मोजायचं कसं यावरची खरी मारामारी

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट रेनॉल्ड्सपाशी आणि बोस्टॉकपाशी संपवतात, पण माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण राइन्श टेस्ट सांगते आहे की नाही, पण किती आहे ते नीट सांगत नाही. आणि आता घाबरलेल्या ब्रूअरी, दुकानदार, आरोग्य खातं, सगळ्यांना आकडा हवा होता. हा माल ओतून टाकायचा की विकायचा? ब्रूअरींनी साठेच्या साठे गटारात ओतले. पण उरलेला चांगला की वाईट हे सांगणार कोण?

मोजायला हत्यार होतं ते जेम्स मार्शने १८३६ ला काढलेलं. जस्त आणि ऍसिड एकत्र केलं की हायड्रोजन सुटतो, त्या भांड्यात आर्सेनिक असलेलं सॅम्पल टाकलं की हायड्रोजनबरोबर आर्सिन वायू निघतो, तो बारीक काचनळीतून नेऊन नळी एका जागी ज्योतीने लाल होईस्तोवर तापवायची, आर्सिन फुटतो आणि पुढच्या थंड काचेवर तपकिरी-काळा चकचकीत डाग बसतो, त्याला आरसाच म्हणतात. जितकं आर्सेनिक जास्त तितका आरसा गडद. मग माहीत असलेल्या प्रमाणाचे आरसे आधीच करून, नळ्या सील करून ठेवायच्या आणि सॅम्पलचा आरसा पांढऱ्या कागदावर त्यांच्या शेजारी ठेवून डोळ्याने जुळवायचा.

ऐकायला सोपं आहे, पण आकडे बघा. पुढे जी मर्यादा ठरली त्या हिशोबाने ५० मिलिलिटर बिअरमध्ये आर्सेनिक भरतं ०.००७ मिलिग्रॅम. इतकं कमी पकडायचं म्हटल्यावर जस्तात, ऍसिडमध्ये, काचेतसुद्धा आर्सेनिक असलं तर संपलं. आणि असायचंच! बाजारातलं हायड्रोक्लोरिक ऍसिड त्याच पायराइटवाल्या सल्फ्युरिकपासून केलेलं, म्हणजे ज्याला पकडायचंय तोच तुमच्या बाटलीत आधीच बसलेला. म्हणून आधी सॅम्पल न घालता नुसतं ऍसिड आणि जस्त चालवून बघायचं, नळीवर काहीही डाग येता कामा नये, मगच बिअर घालायची. यालाच आम्ही ब्लँक म्हणतो आणि आजही माझ्या टेबलवर रिपोर्ट आला की मी सॅम्पलचा आकडा बघायच्या आधी ब्लँकचा बघतो.

उलटी भानगडही निघाली. काही जस्त इतकं विचित्र वागायचं की आर्सेनिक असूनही आरसा यायचा नाही किंवा फिका यायचा. जस्तात लोखंडासारखी अशुद्धी असली की आर्सेनिक वायू होऊन बाहेर पडायच्या ऐवजी भांड्यातच अडकून राहायचं. म्हणजे ब्लँक स्वच्छ, सॅम्पल स्वच्छ आणि बिअर विषारी. यावर उपाय एकच, माहीत असलेलं आर्सेनिक मुद्दाम बिअरमध्ये घालून बघायचं की ते सगळं परत मिळतंय का. आज याला स्पाइक रिकव्हरी म्हणतात आणि कुठल्याही ऑडिटमध्ये पहिल्यांदा हेच विचारतात.

त्यात बिअर स्वतः त्रासदायक. जस्त-ऍसिडच्या भांड्यात ओतली की फेस वर चढून नळीत जातो. टिकायला सल्फाइट घातलेलं असेल तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि आरसा बिघडतो, म्हणून वायूच्या वाटेत शिशाच्या क्षाराने भिजवलेला कागद किंवा कापूस ठेवायचा. अँटिमनीचाही आरसा येतो, तो वेगळा ओळखायचा तर हायपोक्लोराइटचा थेंब टाकायचा, आर्सेनिकचा विरघळतो, अँटिमनीचा नाही. आर्सेनिक कुठल्या अवस्थेत आहे यावरही वायू किती लवकर सुटतो ते ठरतं. शिवाय काही जण बिअर सरळ घालायचे, काही आधी ऍसिडने किंवा चुन्याबरोबर जाळून सेंद्रिय भाग संपवायचे, आणि एकाच बिअरचे दोन लॅबचे दोन आकडे यायचे. ब्रूअरचा केमिस्ट म्हणणार माल साफ आहे, सरकारी म्हणणार विष आहे, आणि दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक.

शेवटी सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्री आणि पब्लिक ॲनालिस्टांची सोसायटी यांनी एकत्र कमिटी बसवली आणि एकच पद्धत लिहून काढली, भांडं कसं, नळी किती बारीक, जस्त कसं तपासायचं, ऍसिड कसं शुद्ध करायचं, प्रमाण आरसे कसे करायचे. सरकारी प्रयोगशाळेच्या थॉर्प यांनी तर जस्ताची कटकटच नको म्हणून विजेने हायड्रोजन सोडायचं उपकरण बसवलं. मला या कमिटीच्या लोकांचं फार कौतुक वाटतं. बातमीत त्यांचं नाव नाही, पण त्यांनी हे काम केलं नसतं तर पुढचा कुठलाच कायदा कोर्टात टिकला नसता.

आयोग आणि आकडा

फेब्रुवारी १९०१ मध्ये सरकारने शाही आयोग नेमला, अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन, तेच, ज्यांच्या नावाने तापमानाचं एकक आहे. १९०३ ला शेवटचा अहवाल आला. आयोगाच्या हिशोबाने किमान ६,००० लोक आजारी पडले आणि ७० च्या आसपास मेले. हा मेलेल्यांचा आकडा मला कमीच वाटतो, आणि त्याचं कारण वर सांगितलंय, कित्येकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर दारू किंवा न्यूरायटिस लिहून आधीच पुरलं गेलं होतं, त्यांची बिअर कोण तपासणार होतं.

मर्यादा ठरली ती अशी: पेय असेल तर गॅलनला ग्रेनचा शंभरावा भाग, घन पदार्थ असेल तर पौंडाला ग्रेनचा शंभरावा भाग. आपल्या मापात सांगायचं तर लिटरला सुमारे ०.१४ मिलिग्रॅम आणि किलोला सुमारे १.४ मिलिग्रॅम. जुने आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते, त्या वेळी आर्सेनिक म्हणून जे द्यायचे ते बऱ्याचदा आर्सेनिकच्या ऑक्साइडच्या हिशोबात असायचं आणि त्यात शुद्ध आर्सेनिक साधारण तीन चतुर्थांशच. तरी आजच्या पिण्याच्या पाण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या, दसपट ती भरतेच.

मग इतकी सैल मर्यादा का ठेवली असं आज कोणी विचारेल. मला वाटतं ती तब्येतीवरच्या परिणामापेक्षा हाताला काय जमतं यावर ठरली. इतकं आर्सेनिक त्या वेळच्या चांगल्या लॅबला खात्रीने पकडता येत होतं आणि नीट काम करणाऱ्या कारखान्याला त्याच्या खाली राहता येत होतं. त्याखालचा आकडा लिहिला असता तर तो मोजताच आला नसता, मग तो कायदा नुसता कागदावर राहिला असता. मर्यादा बघताना ती कुठल्या मशीनच्या जमान्यातली आहे हे मी आधी बघतो, कारण मशीन सुधारली की मर्यादा खाली आलेली आहे, हे बऱ्याच विषांच्या बाबतीत दिसतं.

आणि नीट मोजायला लागल्यावर न मागितलेलं एक उत्तर मिळालं. बोस्टॉकची साखर कधीच न वापरलेल्या ब्रूअरींच्या बिअरमध्येही आर्सेनिक सापडायला लागलं, कमी, पण होतं. ते येत होतं माल्टमधून. माल्ट वाळवायच्या भट्टीत कोक जाळायचे, कोळशात-कोकमध्ये पायराइट असतंच, त्याचा धूर सरळ माल्टच्या थरातून वर जायचा आणि आर्सेनिक दाण्यावर बसायचं. १९०२ मध्ये हॅलिफॅक्सला अशा माल्टच्या बिअरने लोक आजारी पडले, तिथे साखरेचा संबंध नव्हता. मग मँचेस्टरमध्ये कित्येक वर्षं जो अल्कोहोलिक न्यूरायटिस बाकी शहरांपेक्षा जास्त दिसायचा त्याचं काय? त्यातला बराच भाग आर्सेनिकचा असावा हा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता, आणि मला तो पटतो. म्हणजे १९०० ची साखर ही मोठी लाट होती म्हणून दिसली, खालचं पाणी आधीपासूनच वाहत होतं.

कोर्टात काय झालं तेही सांगतो, कारण कच्चा माल विकत घेणाऱ्यांनी ते वाचायला पाहिजे. बोस्टॉक कंपनी बुडाली आणि निकल्सनवर दावा लागला, निकाल १९०४ चा. बोस्टॉकने ऑर्डर देतानाच आर्सेनिकमुक्त ऍसिड मागितलं होतं, म्हणजे अट होती, कागदावर होती. कोर्टाने ऍसिडची किंमत आणि खराब झालेल्या मालाची किंमत द्यायला लावली, पण ब्रूअरींना द्यावी लागलेली भरपाई आणि गेलेलं नाव याचे पैसे दिले नाहीत, कारण हे ऍसिड खाण्याच्या वस्तूत जाणार आहे हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं. ऑर्डरवर शब्द लिहून विष थांबत नाही, आलेल्या लॉटमधला एक ग्लासभर काढून राइन्श टेस्ट केली असती तर थांबलं असतं. बोस्टॉकने तेवढं केलं नाही आणि मजुरांनी ते प्यायलं, यात मला तरी दोन्ही कंपन्या जबाबदार वाटतात.

आज हेच कसं मोजतात

आज आम्ही बिअर किंवा वाइन घेतो, बिअर असेल तर आधी हलवून, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवून गॅस काढतो, मग नायट्रिक ऍसिडबरोबर बंद भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये जाळून पारदर्शक पाणी करतो आणि आयसीपी-एमएस नावाच्या मशीनवर चढवतो. त्यातल्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे प्रचंड तापवलेल्या वायूत, सगळं सुटं सुटं होऊन अणूंच्या वजनाप्रमाणे मोजलं जातं. लिटरला मायक्रोग्रॅमच्या खालचं आर्सेनिक आरामात दिसतं, म्हणजे १९०३ च्या मर्यादेच्या शंभराव्या भागाहून कमी.

पण फसायच्या जागा मार्शच्या काळातल्याच, कपडे बदलून आलेल्या. आर्सेनिकचा वजन आकडा ७५. प्लाझ्मा चालतो आर्गॉनवर, आर्गॉन ४०, आणि सॅम्पलमध्ये क्लोराइड असलं, जे बिअरमध्ये असतंच, तर क्लोरीन ३५, दोघं चिकटले की ७५, आणि मशीन सांगतं आर्सेनिक आहे. नसलेलं आर्सेनिक! म्हणून आत हेलियमची कोलिजन सेल असते, चिकटलेली जोडी आकाराने मोठी म्हणून जास्त आपटते आणि मागे पडते, आर्सेनिक पुढे जातं. दुसरं म्हणजे अल्कोहोल. सॅम्पल न जाळता नुसतं पाणी घालून चढवलं तर त्यातला कार्बन प्लाझ्मात आर्सेनिकचा सिग्नल फुगवतो, आणि स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण, जर नुसत्या पाण्यात केलेलं असेल तर सॅम्पलचा आकडा उगाच जास्त येतो. एकतर पूर्ण जाळा, नाहीतर स्टँडर्डमध्येही तेवढंच अल्कोहोल घाला.

ज्यांच्याकडे इतकं महागडं मशीन नाही ते हायड्राइड जनरेशन लावून अटॉमिक ऍब्सॉर्प्शन वापरतात, आणि ती थेट मार्शची टेस्टच आहे, जस्ताच्या जागी सोडियम बोरोहायड्राइड, काचेवरच्या आरशाच्या जागी डिटेक्टर. त्यातही आर्सेनिक आधी पोटॅशियम आयोडाइड घालून खालच्या अवस्थेत आणावं लागतं, नाहीतर ते अर्धवट सुटतं आणि आकडा कमी येतो.

आणि बिअरमधल्या आर्सेनिकचा विषय बंद झालाय असं समजू नका. २०१३ मध्ये जर्मनीच्या वाइहेनश्टेफानचे मेहमेत कोएल्हान यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत दाखवलं की काही जर्मन बिअरमध्ये पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक आहे, आणि माल्ट, हॉप्स, पाणी तपासून तिथे काही सापडत नव्हतं. ते सापडलं गाळायच्या पावडरीत, किझेलगुरमध्ये. ही मातीसारखी पांढरी पावडर, जुन्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची, बिअर आणि वाइन चकचकीत दिसावी म्हणून तिच्या थरातून गाळतात, आणि तिच्यातलं थोडं आर्सेनिक पेयात उतरतं. प्रमाण मँचेस्टरच्या तुलनेत किरकोळ, घाबरायचं कारण नाही. पण रेसिपीत नाव नसलेली, लेबलवर न येणारी वस्तू परत तीच निघाली, तिकडे ऍसिड, इकडे पावडर.

पुण्यात, मुंबईत, गोव्यात आता छोट्या ब्रूअरी बऱ्याच झाल्यात, नाशिकला वाइनरी आहेत, आणि त्यांच्याकडून सॅम्पल आलं की ते तयार बाटलीचंच येतं. माझं त्यांना एक सांगणं असतं, बाटलीबरोबर फिल्टर पावडरचा लॉटही पाठवा. पन्नास ग्रॅम पुरते. ती बिअरइतक्याच आंबट पाण्यात काही तास ढवळून, गाळून, त्या पाण्यातलं आर्सेनिक मोजता येतं, सोबत पावडर न घातलेलं पाणी ब्लँक म्हणून, आणि लॉट खराब निघाला तर तो वापरायच्या आधीच परत पाठवता येतो. काही पुरवठादार कमी विरघळणारं आर्सेनिक असलेली, ऍसिडने धुतलेली ग्रेडही देतात, तिचा भाव थोडा जास्त पडतो.